बेस ॲम्पला कुठला कॅब लावायचा? वॅट नंतर, आधी ओहम बघा

नवीन बेसवाला (बेस गिटार वाजवणारा) ॲम्प घ्यायला निघाला की पहिला प्रश्न ठरलेला, "किती वॅटचा घेऊ?" आणि दुसरा, "५०० वॅटच्या हेडला ८०० वॅटचा कॅब चालेल ना, काही उडणार तर नाही?" मीपण हेच विचारत फिरायचो आणि उत्तरंही भारी मिळायची, एक म्हणायचा कॅब ॲम्पच्या दुप्पट वॅटचा घे, दुसरा म्हणायचा ॲम्पच कॅबच्या दुप्पट घे, आणि दोघंही इतक्या ठामपणे सांगायचे की तिसऱ्याला विचारायची हिंमत व्हायची नाही. वॅटचा आकडा ठळक छापलेला असतो म्हणून आपण तिथंच अडकतो, आणि त्याच्याच शेजारी बारीक अक्षरात ओहमचा आकडा असतो, जो चुकला तर ॲम्प बसतो, तो कोणी वाचतच नाही.

ज्यांनी नुकताच वेगळा हेड आणि वेगळा कॅब घ्यायचं ठरवलंय किंवा कॉम्बोला बाहेरून अजून एक कॅब जोडायचाय त्यांच्यासाठी हे लिहितोय. हेड म्हणजे नुसता ॲम्प, कॅब म्हणजे स्पीकर बसवलेली पेटी, कॉम्बो म्हणजे दोन्ही एकाच खोक्यात. ४×१० असं दिसलं की फोर बाय टेन वाचायचं, म्हणजे दहा इंचाचे चार स्पीकर. गणित भागाकाराच्या पुढं जात नाही, काळजी नको.

पायरी १: ॲम्पची पाठ वाचा

हेड फिरवा आणि स्पीकर आउटपुटच्या सॉकेटजवळ काय छापलंय ते बघा. साधारण असं असतं: ५०० वॅट ४ ओहमला, ३०० वॅट ८ ओहमला, किमान लोड ४ ओहम. यातला "किमान" हा शब्द सगळ्यात महत्त्वाचा.

ओहम म्हणजे कॅब ॲम्पला किती अडवतो त्याचं माप. नळाची तोटी डोळ्यासमोर आणा, ८ ओहम म्हणजे तोटी थोडी उघडी, ४ म्हणजे अजून उघडी, २ म्हणजे त्याहून जास्त, आणि शून्य म्हणजे पाइपच फुटला, म्हणजे शॉर्ट. ओहम कमी तसा करंट जास्त ओढला जातो, वॅट जास्त मिळतात आणि ॲम्प तापतोही जास्त. किमान आकड्याच्या खाली गेलात तर चांगला ट्रान्झिस्टरवाला ॲम्प प्रोटेक्शनमध्ये जाऊन गाण्याच्या मध्येच गप्प बसतो, आणि प्रोटेक्शन नसलेला जुना असेल तर आउटपुटचे ट्रान्झिस्टरच जातात. मजा म्हणजे हळू आवाजात सगळं छान चालतं, त्यामुळे घरी तपासून घेतलं तरी कळत नाही, ड्रमरबरोबर अर्धा तास जोरात वाजवलं की मग दिवे लागतात.

उलट दिशेला काहीच भीती नाही. किमान ४ ओहमच्या ॲम्पला ८ चा एकच कॅब लावला तर वॅट थोडे कमी मिळतील, बस्स, आणि १६ चा लावला तर अजून कमी.

अजून एक, पाठीमागं आउटपुटचे दोन सॉकेट दिसले म्हणून दोन ॲम्प आहेत असं धरू नका. बहुतेक हेडमध्ये ते दोन सॉकेट आतून एकमेकांना सरळ जोडलेले असतात, आणि "किमान ४ ओहम" हे दोन्ही मिळून असतं, प्रत्येकी नाही. सगळ्यात जास्त लोक इथंच फसतात, आणि त्यांची चूकही नाही, छापणाऱ्यानं एक शब्द जास्त छापला असता तर बरं झालं असतं.

ट्यूबवाल्या, म्हणजे काचेच्या नळ्यांवर चालणाऱ्या, ॲम्पचं सगळं वेगळं. तिथं आउटपुट ट्रान्सफॉर्मर असतो आणि त्याला ठरलेलाच लोड लागतो, म्हणून पाठीमागं २, ४, ८ असं स्विच किंवा वेगवेगळे सॉकेट असतात आणि जो कॅब लावलाय तोच आकडा निवडायचा. आणि ट्यूब ॲम्प कॅब न लावता कधीही, अगदी दोन मिनिटांसाठीसुद्धा, वाजवायचा नाही. ट्रान्झिस्टरवाल्याला कॅब नसला तरी चालतं, ट्यूबवाल्याचा ट्रान्सफॉर्मर त्यानं जाऊ शकतो. इथून पुढं मी ट्रान्झिस्टर आणि क्लास डी (ट्रान्झिस्टरचाच हलका प्रकार) हेड धरूनच बोलतोय, कारण नवीन माणूस बहुतेक तेच घेतो आणि एकट्याला उचलता येतात तेही तेच.

पायरी २: कॅबचा ओहम, आणि तो खरा आहे का

कॅबच्या मागच्या प्लेटवर ओहम लिहिलेला असतो, बहुतेक ८ किंवा ४. नवा कॅब असेल तर विश्वास ठेवा. सेकंडहँड असेल तर ठेवू नका, कारण मधे कोणीतरी स्पीकर बदललेला असतो, वायरिंग उलटसुलट केलेलं असतं, आणि प्लेट मात्र जुनीच असते.

साधा मल्टिमीटर घ्या. आधी त्याच्या दोन्ही प्रोब एकमेकांना टेकवा, स्वस्त मीटर शून्य दाखवत नाही, ०.३ किंवा ०.४ वगैरे दाखवतो, तो आकडा लक्षात ठेवा कारण नंतर वजा करायचाय. मग कॅब ॲम्पपासून पूर्ण सोडवा, कॅबमध्ये स्पीकर केबल लावा, आणि केबलच्या मोकळ्या टोकावर एक प्रोब जॅकच्या टोकाला आणि दुसरी त्याच्या दांड्याला धरा. ८ ओहमचा कॅब असेल तर मीटरवर ८ येणार नाही, साडेपाच ते सातच्या मधे काहीतरी येईल, आणि ४ चा असेल तर तीन ते साडेतीन. घाबरू नका, मीटर बॅटरीच्या सरळ करंटवर मोजतो आणि प्लेटवरचा आकडा आवाजाच्या, म्हणजे उलटसुलट होणाऱ्या करंटसाठी असतो, म्हणून मीटरचा आकडा कमीच येतो. आता मीटर लावलेला असतानाच जाळीतून किंवा जाळी काढून कोनावर, म्हणजे स्पीकरच्या पुढंमागं हलणाऱ्या पडद्यावर, बोटानं हलकी टिचकी मारा. आकडा ५.८ वरून एकदम ४ कडे जाईल, मग ९ कडे, डगमगेल आणि परत ५.८ वर येऊन बसेल. म्हणजे कॉइल (कोनामागचं तारेचं वेटोळं) शाबूत आहे, आत लोहचुंबकात हलतेय आणि स्वतःच थोडीशी वीज तयार करतेय.

आकडाच येत नसेल तर कुठंतरी तार तुटलीय किंवा कॉइल जळालीय. आणि ४ लिहिलेल्या कॅबवर ६ आला तर बहुधा आतला एखादा स्पीकर मेलाय आणि बाकीचे ओढतायत. असा कॅब स्वस्तात मिळतोय म्हणून घेऊ नका, किंवा घ्या पण स्पीकर बदलायचाय हे धरून घ्या.

पायरी ३: बेरीज, म्हणजे खरं तर भागाकार

ॲम्पला दोन कॅब नेहमीच्या पद्धतीनं जोडले, म्हणजे दोन सॉकेटमधून दोन केबल किंवा ॲम्पमधून पहिल्या कॅबमध्ये आणि तिथून दुसऱ्यात, तर दोन्ही प्रकारांत जोडणी पॅरललच होते, म्हणजे करंट दोन्ही कॅबमध्ये वाटला जातो. केबल एकामागोमाग एक दिसतात म्हणून ती सिरीज, म्हणजे तोच करंट एकातून दुसऱ्यात, होत नाही.

पॅरललमध्ये ओहम कमी होतो. दोन ८ चे मिळून ४. दोन ४ चे मिळून २. चार ८ चेही मिळून २. एक ८ आणि एक ४ असेल तर दोघांचा गुणाकार भागिले दोघांची बेरीज, ३२ भागिले १२, म्हणजे साधारण २.७. किमान ४ ओहमचा हेड असेल तर यातला फक्त पहिला प्रकार चालतो, बाकी सगळे बाद.

आणि म्हणूनच माझं नवीन लोकांना एकच सांगणं असतं: पहिला कॅब ८ ओहमचा घ्या. दुकानात सांगतात की ४ चा घेतला तर ॲम्पचे पूर्ण वॅट मिळतात, खोटं नाहीये, पण मग उद्या दुसरा कॅब जोडायची वाट बंद. ८ चा घेतलात तर आज ३०० वॅटवर भागवा, पुढं तसाच दुसरा घ्या आणि पूर्ण ५०० वापरा. छोट्या ठिकाणी एक न्यायचा, मोठ्या ठिकाणी दोन. फक्त एकच कॅब आयुष्यभर वापरायचाय अशी पक्की खात्री असेल तर ४ चा घ्या, पण बेसवाल्यांची अशी खात्री सहसा दोन वर्षं टिकते.

कॉम्बोवाल्यांनी आतला स्पीकरपण मोजायचा. आत ८ ओहम असेल आणि ॲम्प किमान ४ चा असेल तर बाहेर एक ८ चा लावता येतो. आतच ४ असेल तर बाहेर काही लावायचं नाही, हे बऱ्याच कॉम्बोवर मागं लिहिलेलंही असतं. काहींमध्ये बाहेरचा जॅक लावला की आतला स्पीकर आपोआप बंद होतो, तिथं हिशोब बदलतो, म्हणून मॅन्युअल एकदा उघडाच.

दोन ४ चे कॅब सिरीजमध्ये जोडून ८ करता येतात, त्यासाठी वेगळी केबल किंवा डबी बनवावी लागते. चालतं, पण दोन्ही कॅब अगदी सारखे असतील तरच. वेगवेगळे असतील तर एकाचा स्वभाव दुसऱ्याच्या वाट्याचा करंट बदलत राहतो आणि आवाज विचित्र येतो. नवीन असाल तर या फंदात पडू नका.

पायरी ४: आता वॅट

कॅबवरचा वॅटचा आकडा म्हणजे कॅब किती सहन करतो, किती आवाज देतो ते नाही. त्यामुळे २०० वॅटच्या ॲम्पला ८०० वॅटचा कॅब लावला तर काहीही उडत नाही, आवाजही त्यामुळे कमी होत नाही. आणि ८०० वॅटचा ॲम्प ४०० च्या कॅबला लावला तरी लगेच काही होत नाही, व्हॉल्यूमचं बटण तुमच्याच हातात आहे, पण मग कानही जागे ठेवावे लागतात. नवीन माणसानं सोपा नियम धरावा: ज्या ओहमला वाजवणार त्या ओहमला ॲम्पचे जेवढे वॅट, तेवढे किंवा त्याहून थोडे जास्त कॅबला असावेत. आणि तुलना आरएमएस, म्हणजे सतत चालणाऱ्या, वॅटची करायची. पीक, मॅक्स, म्युझिक पॉवर असे शब्द दिसले की तो आकडा दुप्पट किंवा त्याहून फुगलेला असतो.

"कमी वॅटच्या ॲम्पनं स्पीकर उडतात" हे वाक्य तुम्ही ऐकणारच. अर्धवट खरं आहे. छोटा ॲम्प शांतपणे वाजवला तर काही होत नाही. त्याला पिळून पिळून आवाज काढायला गेलात, सिग्नल वरखाली कापला जायला लागला की तोच १०० वॅटचा ॲम्प सरासरीनं १०० पेक्षा बराच जास्त द्यायला लागतो, आणि कापलेल्या सिग्नलमधला वरचा करकरीत भाग सरळ ट्वीटरकडे (वरच्या सुरांच्या छोट्या स्पीकरकडे) जातो. ट्वीटर नाजूक, तो पहिला जातो. म्हणजे दोष ओढाताणीचा आहे.

आणि वॅट दुप्पट केले तर आवाज दुप्पट होत नाही. दुप्पट वॅट म्हणजे फक्त ३ डेसिबल, कानाला "हां, थोडा वाढला" एवढंच. आवाज दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे दहापट वॅट. त्यापेक्षा दुसरा कॅब जोडणं फायद्याचं. वरच्याच हेडचा हिशोब करा: एका ८ ओहमच्या कॅबला ३०० वॅट मिळत होते, दुसरा जोडल्यावर ५०० चे दोन वाटे, प्रत्येकाला २५०. म्हणजे प्रत्येक कॅबवर भार कमी झाला, आणि तरी खालच्या सुरांत जवळजवळ ५ डेसिबल वाढले, कारण दोन्ही कॅबचे कोन मिळून जास्त हवा ढकलतात. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मला फुकट काहीतरी मिळाल्यासारखं वाटलं होतं.

कॅबच्या माहितीत सेन्सिटिव्हिटी नावाचा एक आकडा असतो, १ वॅटला १ मीटरवर किती डेसिबल. ९७ चा कॅब आणि १०० चा कॅब यांत फरक ३ चा, म्हणजे १०० वाला निम्म्या वॅटमध्ये तेवढाच वाजतो. कंपन्या हा आकडा जरा हात मोकळा सोडूनच छापतात, तरी एकाच कंपनीच्या दोन कॅबमध्ये तुलना करायला उपयोगी.

वॅटमध्ये न दिसणारी एक गोष्ट मात्र बेसवाल्याला माहीत पाहिजेच. कॅबचा वॅट हा मुख्यतः उष्णतेचा आकडा आहे, कॉइल किती तापेपर्यंत जळत नाही त्याचा. पण बेसमध्ये कॉइल जळायच्या आधी कोनच त्याच्या हलण्याच्या मर्यादेला जाऊन आपटतो. चार तारांच्या बेसची उघडी ई तार ४१ हर्ट्झ, पाच तारांची खालची बी जवळजवळ ३१ हर्ट्झ. तेवढ्याच आवाजाला सूर एक सप्तक खाली नेला की कोनाला चौपट पुढंमागं हलावं लागतं. त्यामुळे ५०० वॅट लिहिलेला छोटा कॅब ॲम्पवरचं बेसचं (खर्जाचं) बटण पूर्ण फिरवून खालची बी वाजवली की १५० वॅटलाच फडफडायला लागतो. पेटीला भोक असलेले, म्हणजे पोर्टवाले कॅब जास्तच, कारण पोर्टच्या सुराच्या खाली कोनाला आतल्या हवेचा आधार राहत नाही. ती फडफड ऐकू आली की बेसचं बटण कमी करायचं, व्हॉल्यूम नंतर. हेडवर हायपास फिल्टर (ठरलेल्या सुराच्या खालचं कापणारा) असेल तर ३० ते ४० हर्ट्झच्या आसपास लावून ठेवा, ऐकू येणारं फारसं काही जात नाही आणि कोन सुटकेचा श्वास टाकतो. उघड्या ई मध्येसुद्धा आपल्याला जे ऐकू येतं त्यातलं बरंचसं ८२ आणि त्यावरचं असतं.

पायरी ५: दहा, बारा की पंधरा

पंधरा इंची म्हणजे जास्त खर्ज, दहा इंची म्हणजे जास्त पंच, असं सगळे सांगतात. स्पीकरच्या व्यासावरून एवढं ठरत नाही. पेटी केवढी, पोर्ट कुठल्या सुराला, कोन किती हलू शकतो, यावर ठरतं. अँपेग कंपनीचा एसव्हीटी हा ट्यूब हेड १९६९ मध्ये आला, ३०० वॅटचा, आणि त्याच्याबरोबरचा प्रसिद्ध कॅब दहा इंची आठ स्पीकरचा, तोही पूर्ण बंद पेटीचा. आत ३२ ओहमचे आठ स्पीकर पॅरललमध्ये, ३२ भागिले ८, म्हणजे ४ ओहम, तिसऱ्या पायरीचंच गणित. त्या कॅबला "खर्ज नाही" असं अजून कोणी म्हटलेलं ऐकलं नाही, पाठीचं दुखणं मात्र बऱ्याच जणांनी घेतलं, साठ किलोच्या वर वजन आहे.

तर पहिला कॅब म्हणून ८ ओहमचा २×१० किंवा १×१२ घ्या, हलका बघा, आणि पुढं जोडायचा असेल तर *तसाच* दुसरा घ्या. त्याच कंपनीचा, तोच मॉडेल. हे मी हट्टानं सांगतो कारण मी उलटं केलंय.

माझ्याकडे ४×१० होता, ८ ओहम, ६०० वॅट. एका मित्राचा १×१५ मिळाला, तोही ८ ओहम, २०० वॅटचा. ओहम जुळले, ४ झाले, हेड खूश, मी खूश, खाली पंधरा आणि वर चार दहा अशी थप्पी दिसायलाही रुबाबदार. हेड ५०० चा. आता वाटणी बघा: ओहम सारखे म्हणून दोन्ही पेट्यांना २५०-२५०. वरच्या पेटीत ते चार जणांत वाटले गेले, प्रत्येकाला साधारण ६२ वॅट. खालच्या एकट्या पंधराच्या डोक्यावर २५०, आणि त्याची क्षमताच २०० ची. म्हणजे ॲम्प ८०० वॅटचे कॅब आहेत असं समजून चालला होता, खरं बघितलं तर साखळी २०० च्या कडीची होती. दुसऱ्या तालमीत जळकट वार्निशसारखा वास आला, मला वाटलं बाहेरून येतोय. घरी आल्यावर जाळी काढून पाची बोटं पसरून कोन सगळीकडून सारखा हलकाच दाबला तर आतून खर्र, खर्र. कॉइल फुगून घासत होती. मित्राला नवा स्पीकर घेऊन दिला, मैत्री टिकली, थप्पी नाही.

आणि ओहमही वेगळे असते तर अजून वाईट, ४ चा कॅब ८ च्या दुप्पट वॅट ओढतो, त्यामुळे बारका कॅब चुकून ४ चा निघाला तर सगळ्यात मोठा वाटा त्यालाच.

शिवाय वेगवेगळ्या कॅबचे कोन एकाच वेळी एकाच दिशेला जात नाहीत, काही सुरांत एक पुढं ढकलतो तेव्हा दुसरा मागं ओढतो, आणि ते सूर गायब होतात. कधी नशिबानं छान जमतं, मी ऐकलंय, पण ते घ्यायच्या आधी एकत्र वाजवून बघितल्याशिवाय कळत नाही.

गिटारचा कॅब बेसला लावू नका, ओहम आणि वॅट जुळले तरी. गिटारच्या स्पीकरचा कोन फार हलण्यासाठी बनवलेलाच नसतो. हळू आवाजात सरावाला चालेल, बँडबरोबर नाही. उलटं चालतं: फेंडर कंपनीचा बेसमन ॲम्प १९५२ मध्ये बेससाठी काढला, आणि पुढं त्याचं दहा इंची चार स्पीकरवालं रूप गिटारवाल्यांनीच पळवलं.

पायरी ६: केबल

गिटारमधून ॲम्पमध्ये जाते ती केबल आणि ॲम्पमधून कॅबमध्ये जाते ती केबल बाहेरून सारखी दिसते, दोन्हीकडे तोच पाव इंची जॅक. आत जमीन-अस्मानाचा फरक. शंका असेल तर जॅकची टोपी फिरवून काढा. आत सारख्याच जाडीच्या दोन वायरी दिसल्या तर स्पीकर केबल. मधे एक केसासारखी बारीक तार आणि भोवती जाळीचं वेटोळं दिसलं तर ती गिटारची, ती इथं वापरायची नाही. ती बारीक तार एवढा करंट झेपवत नाही, तापते, प्लास्टिक मऊ पडतं, तार जाळीला टेकते आणि शॉर्ट. वायरची जाडी १.५ चौरस मिलिमीटर तरी पाहिजे, २.५ असेल तर उत्तम, आणि लांबी लागेल तेवढीच.

हेड आणि कॅब दोन्हीकडे स्पीकॉन (फिरवून लॉक होणारं) सॉकेट असेल तर तोच वापरा. घालून उजवीकडे फिरवा, टक् वाजलं की बसला. पाव इंची जॅक घालताना-काढताना त्याचं टोक क्षणभर शॉर्ट होऊ शकतं, स्पीकॉनमध्ये तो प्रकार नाही, आणि कोणाचा पाय अडकला तरी निघत नाही. जॅकच असेल तर ॲम्प बंद करूनच घाला-काढा.

पायरी ७: जोडा आणि ऐका

सगळं बंद. कॅब जोडा, मग बेस, मास्टर (मुख्य व्हॉल्यूम) शून्यावर, मग पॉवर. हळूहळू वाढवा. दोन कॅब असतील तर आधी एकेक वेगळा वाजवा, मग दोन्ही. दोन्ही मिळून खर्ज वाढला पाहिजे. दोन्ही लावल्यावर आवाज उलट पातळ, पोकळ झाला तर एका कॅबची वायर उलटी आहे. खात्री करायची असेल तर ॲम्प सोडवून कॅबच्या केबलला दीड व्होल्टचा साधा सेल क्षणभर टेकवा, प्लस टोकाला, मायनस दांड्याला. कोन टप् करून पुढं आला पाहिजे, दोन्ही कॅबचे. एकाचा मागं गेला तर त्याच्या आतली वायर अदलाबदल करायची.

ठेवताना दोन कॅब शेजारी-शेजारी नको, एकावर एक ठेवा. शेजारी ठेवले तर बाजूला उभ्या असलेल्याला वरचे सूर कुठं ऐकू येतात कुठं नाही, उभ्या थप्पीत ते सगळीकडे सारखे पसरतात आणि वरचा कॅब तुमच्या कानाच्या जवळ येतो. "बेसची लाट लांब असते म्हणून जवळ ऐकू येत नाही" असं लोक सांगतात ते सोडून द्या. हेडफोनमध्ये ऐकू येतंच की. जवळ उभं राहून ऐकू येत नाही कारण कॅब गुडघ्याशी वाजतोय आणि मधले सूर पोटरीकडे चाललेत. कॅब मागं कलता करा किंवा खुर्चीवर ठेवा, मग बघा.

मागची भिंतही बोलते. स्पीकरच्या तोंडापासून भिंत साधारण मीटरभर मागं असेल तर परत आलेली लाट ८५ हर्ट्झच्या आसपास मूळ आवाजाला खाऊन टाकते, डी तारेवरचा तिसऱ्या फ्रेटचा एफ एकदम मेल्यासारखा वाटतो आणि माणूस बेसला दोष देतो, तारा बदलतो, सेटअप करून आणतो. कॅब भिंतीला चिकटवून बघा आधी. कोपऱ्यात ढकललात तर खर्ज फुगेल, मग बेसचं बटण कमी करायला लागेल, जे कोनाच्या दृष्टीनं चांगलंच आहे.

बँडबरोबर अर्धा-पाऊण तास झाला की हेडवर तळहात ठेवा. कोमट किंवा चांगला गरम चालेल, पंखा फिरतोय ना तेही बघा. हात ठेवताच येत नसेल किंवा आवाज मधेच जाऊन दहा सेकंदांनी परत येत असेल तर वाजवणं थांबवा आणि मीटर घेऊन पायरी २ पासून परत मोजा, कुठल्यातरी कॅबचा ओहम प्लेटवर लिहिल्यापेक्षा कमी आहे किंवा केबल आतून टेकतेय.